चार फुटांखालची भिंत

ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेन शहरात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लहान मुलं एका चमत्कारिक दुखण्यानं आजारी पडत होती. पोटात कळा यायच्या, हातपाय लुळे पडायचे, काहींची नजर अधू व्हायची. हा शिशाच्या विषाचा परिणाम आहे, हे जेफ्रिस टर्नर या डॉक्टरांनी ओळखलं. पण शिसं मुलांच्या पोटात जातं कुठून, ते कळायला बरीच वर्षं गेली. अखेर १९०४ मध्ये जॉन लॉकहार्ट गिब्सन या डोळ्यांच्या डॉक्टरांनी बोट ठेवलं ते घरांच्या व्हरांड्यावर आणि खोल्यांच्या रंगवलेल्या भिंतींवर. तिथल्या कडक उन्हात कठड्याचा रंग सुटून त्याची भुकटी व्हायची आणि खेळणाऱ्या मुलांच्या हाताला लागायची. नखं खाणाऱ्या, बोटं चोखणाऱ्या मुलांना ती बाधायची. त्याच घरातली मोठी माणसं ठणठणीत असायची. १९२२ मध्ये क्वीन्सलँडनं कायदाच केला : मुलांचा वावर असलेल्या इमारतींना बाहेरून, तसंच कठड्यांना, फाटकांना, जमिनीपासून चार फुटांपर्यंत शिशाचा रंग लावायचा नाही.

मुलाच्या खोलीचा रंग निवडताना हे चार फुटांचं माप लक्षात ठेवावं. कारण खालच्या भागाला मूल टेकतं, नखानं खरवडतं, खिडकीचा गज धरून उभं राहतं आणि तोच हात तोंडात घालतं. आपण मात्र शेडकार्ड उघडून गुलाबी की आकाशी यावर संध्याकाळ घालवतो. नव्या रंगाच्या खाली काय आहे, हा प्रश्न त्याहून कितीतरी मोठा आहे.

शिसं रंगात मुद्दाम घातलं जायचं. शिशाच्या क्रोमेटमुळे पिवळा आणि केशरी रंग झळाळतात, शिशाच्या काही संयुगांमुळे ऑइल पेंट लवकर वाळतो आणि टिकतो. म्हणून ते सापडतं मुख्यतः दारं, खिडक्या, ग्रिल, लोखंडी पलंग आणि जुन्या घरांतल्या ऑइल पेंटच्या पट्ट्यांत. भारतात घरगुती आणि सजावटीच्या रंगांतलं शिसं ९० पीपीएमपर्यंत, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांपर्यंत, मर्यादित करणारे नियम २०१६ मध्ये आले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. डब्यावर तसा उल्लेख हवा, तो वाचूनच डबा घ्यावा. कारखान्यांसाठीचे औद्योगिक रंग मात्र या नियमांत येत नाहीत, त्यामुळे फॅब्रिकेशनवाल्याकडून ग्रिल किंवा पाळणा रंगवून घेताना कुठला डबा उघडला ते आवर्जून विचारावं.

थोडा हिशेब मांडू. जुन्या ऑइल पेंटमध्ये ५००० पीपीएम शिसं असेल, तर पोपड्याच्या एका छोट्याशा तुकड्यात, म्हणजे दशांश ग्रॅममध्ये, ५०० मायक्रोग्रॅम शिसं असतं. तीन वर्षांच्या मुलाच्या अंगात साधारण एक लिटर रक्त असतं. अमेरिकेत एक डेसिलिटर रक्तात ३.५ मायक्रोग्रॅम शिसं आढळलं की त्या मुलाकडे लक्ष दिलं जातं; लिटरभर रक्तात ते होतं ३५ मायक्रोग्रॅम. पोटात गेलेलं सगळं शिसं रक्तात उतरत नाही हे खरं, पण मुलांचं शरीर ते मोठ्यांच्या चार-पाच पट शोषून घेतं. शरीर शिशाला कॅल्शियम समजून हाडांत साठवतं आणि अंगात लोह कमी असेल तर शोषण आणखी वाढतं. आपल्या देशात पाच वर्षांखालच्या ६७ टक्के मुलांना रक्तक्षय आहे, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत आढळलं होतं. त्यामुळे हा मुद्दा आपल्यासाठी अधिकच गंभीर ठरतो.

आणि हे विष गाजावाजा न करता काम करतं. हर्बर्ट नीडलमन यांनी अमेरिकेतल्या शाळकरी मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करून त्यांतलं शिसं मोजलं. आजाराचं एकही लक्षण नसलेल्या मुलांतही, ज्यांच्या दातांत शिसं जास्त होतं त्यांचा बुद्ध्यंक कमी भरला आणि वर्गातलं लक्षही कमी आढळलं. हे निष्कर्ष १९७९ मध्ये प्रसिद्ध झाले. शिशाची निर्धोक अशी कोणतीही पातळी नाही, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते.

म्हणूनच मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती घासकामाची. मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार म्हणून आपल्याकडे हौसेनं खोली रंगवतात. रंगारी येतो, जुना ऑइल पेंट कोरड्या पॉलिशपेपरनं घासतो, आणि घरभर धूळ होते. आतापर्यंत भिंतीला घट्ट धरून बसलेलं शिसं या धुळीतून गादीवर, पडद्यांवर, जमिनीवर पसरतं. आईच्या रक्तातलं शिसं वारेतून बाळापर्यंत पोचतं, तेव्हा अशा वेळी गरोदर बाईनं त्या घरात थांबूच नये. जुना थर शाबूत असेल तर तो न उकरता वरून नवा रंग द्यावा. पोपडे सुटलेच असतील तर पाणी मारून, ओलं करून खरवडावं, खाली प्लास्टिक अंथरावं, कचरा बांधून टाकावा आणि शेवटी खोली झाडण्याऐवजी ओल्या फडक्यानं पुसून काढावी. शंका असेल तर पोपड्याचा तुकडा प्रयोगशाळेत तपासून घेता येतो.

नवा थर कोणता द्यायचा, हे भिंतीवर अवलंबून आहे. कोकणात, मुंबईत पश्चिमेकडच्या भिंती पावसाळाभर पाणी पितात. अशा भिंतीवर व्हिनाइलचा वॉलपेपर लावू नये, कितीही गोड हत्ती-जिराफ असले तरी. ओल मागे कोंडते, बुरशी धरते, आणि दमेकरी मुलाला त्याचा त्रास होतो. चुन्याची सफेदी इथे खरंच गुणी आहे. ताजा चुना इतका अल्कधर्मी असतो की बुरशीला तिथे तग धरता येत नाही; पुढे हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन त्याचा पुन्हा चुनखडीसारखा थर होतो आणि भिंतीतली वाफ त्यातून बाहेर पडू शकते. तो कपड्यांना लागतो आणि पुसता येत नाही, हे मान्य. ओला चुना डोळ्यांना घातक, म्हणून तो पूर्ण वाळेपर्यंत मुलांना दूर ठेवावं. भिंत कोरडी असेल तर पाण्यात मिसळणारा, कमी व्हीओसी (हवेत सुटणारी रसायनं) असलेला, पुसता येणारा इमल्शन मी सुचवेन. ओल असेल तर आधी गळती शोधावी. लोणा लागलेल्या भिंतीवर पुट्टी ओढून काही साधत नाही.

दिवाळीच्या तोंडावर रंग देण्याची आपली रीत शास्त्राला धरून आहे, कारण ऑक्टोबरच्या उन्हात भिंती वाळतात. फक्त काम सणाच्या आदल्या दिवसापर्यंत रेंगाळू देऊ नये. पाण्यातल्या रंगांतही काही द्रावकं आणि बुरशीनाशकं असतात. ती काही आठवडे हवेत सुटत राहतात, अगदी नाकाला वास येईनासा झाल्यावरही. तोवर खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि मुलाला दुसऱ्या खोलीत झोपवावं.

हे सगळं रंगाऱ्यालाही सांगावं. दिवसभर ती धूळ त्याच्याच छातीत जाते आणि कपड्यांवरून त्याच्या घरच्या मुलांपर्यंत पोचते. त्याला चांगला मास्क द्यावा, हातपाय धुवायला मोरी मोकळी करून द्यावी, कपडे बदलायला जागा द्यावी, आणि ओल्या घासकामाला जास्त वेळ लागतो म्हणून त्या जादा दिवसाची मजुरी घासाघीस न करता द्यावी.