नऊ थरांची उंची किती?

गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशी ठाण्यात टेंभी नाक्यावर गोविंदा पथकांची रीघ लागते. त्या आठवड्यात सहावी-सातवीच्या मुलांना थरांखेरीज दुसरा विषय सुचत नाही. गणित-विज्ञानाच्या शिक्षकांनी ही संधी दवडू नये असे आम्हांस वाटते. वर्गात एकच प्रश्न विचारावा : नऊ थरांच्या मनोऱ्याची उंची किती असेल? उत्तर मात्र लगेच सांगू नये. मध्य प्रदेशात 1972 ते 2002 या काळात चाललेल्या होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमाचे हेच सूत्र होते. मुलांनी मोजावे, वाद घालावा, पुन्हा मोजावे.

बहुतेक मुले प्रथम सरळ गुणाकार करतील. माणसाची उंची 1.65 मीटर धरली तर नऊ थर म्हणजे 14.85 मीटर. येथे शिक्षकांनी दुसरा प्रश्न टाकावा : वरचा गोविंदा खालच्याच्या डोक्यावर उभा राहतो का? तो खांद्यावर उभा राहतो हे कोणीतरी सांगेलच. मग मोजायला हवी ती खांद्याची उंची.

आता पाच-पाच मुलांचे गट करावेत. भिंतीला पाठ लावून प्रत्येकाची पूर्ण उंची व खांद्याची उंची खडूने खुणावी, टेपने मोजावी आणि तक्ता करून दोन्हींचे गुणोत्तर काढावे. मुलांची उंची वेगवेगळी असली तरी गुणोत्तर 0.8 च्या जरा वर, जवळजवळ सारखेच येते. म्हणून 1.65 मीटर उंचीच्या माणसाचा खांदा सुमारे 1.35 मीटरवर असणार, असे मोठा माणूस न मोजताही म्हणता येते. गुणोत्तराचा उपयोग मुलांना येथे कळतो.

नऊ थरांत आठ जणांचे खांदे आणि सर्वांत वरच्याची पूर्ण उंची येते. वरचा 1.45 मीटरचा धरल्यास 8 × 1.35 + 1.45 = 12.25 मीटर.

हे उत्तर पडताळता येते. 2012 साली ठाण्यात जय जवान गोविंदा पथकाने रचलेल्या नऊ थरांची गिनीज बुकातील नोंद 13.34 मीटर, म्हणजे सुमारे 43.8 फूट आहे. आपले उत्तर सुमारे एक मीटरने कमी पडले. ते चूक म्हणून पुसून टाकू नये, खरा तास येथून सुरू होतो. खांद्याची उंची पाच सेंटिमीटरने जास्त धरली तर एकूण किती फरक पडेल? चाळीस सेंटिमीटर, कारण लहानशी चूक आठपट होते. वरच्याने हात उंचावला तर? खालच्यांचे गुडघे वाकले तर? प्रत्येक गटाने एक कारण निवडून ते मोजून पाहावे. वर्गात थर रचून पाहू देऊ नये, हे मात्र निक्षून सांगावे.

दुसरी पडताळणी शाळेच्या इमारतीवर करावी. कोनमापकाच्या सरळ कडेला सरबताची नळी चिकटवावी आणि मध्यबिंदूतून दोऱ्याने वजन टांगावे. नळीतून गच्चीचा कठडा पाहत मागे सरकत जावे. दोरा 45 अंशांवर आला की इमारतीपासूनचे अंतर आणि डोळ्याची उंची यांची बेरीज म्हणजे कठड्याची उंची. आपल्या शाळेची गच्ची किती थरांची, हे मुले लगेच सांगू लागतील.

शेवटी कायद्यातील आकडा वर्गात आणावा. 2014 साली मुंबई उच्च न्यायालयाने मनोऱ्याला 20 फुटांची मर्यादा घातली होती. 2017 साली ती उठली, पण चौदा वर्षांखालील मुलांना थरांत घेण्यास मनाई राहिली. 20 फूट म्हणजे 6.1 मीटर. वरच्याच रीतीने पाहिले तर चार थर 5.5 मीटर आणि पाच थर 6.85 मीटर होतात. म्हणजे मर्यादा चार थरांची होती. शिक्षकांसाठी आणखी एक हिशेब : हवेचा विरोध सोडला तर 6.1 मीटरवरून पडणारी वस्तू जमिनीवर ताशी सुमारे 39 किलोमीटर वेगाने आदळते, 13.34 मीटरवरून पडणारी ताशी 58 किलोमीटर वेगाने. वरच्या थरावर बहुधा आपल्या विद्यार्थ्यांच्याच वयाचे मूल असते. थर किती असावेत यावर आपले मत मुलांना देऊ नये. त्यांच्या हाती तक्ता आहे, त्यावरून त्यांना बोलू द्यावे.