एक पळी गुणिले हजार

लग्नाच्या केटरिंगची बोलणी ‘पर प्लेट’ दरावर सुरू होतात आणि बहुतेक घरांत दरावरच संपतात. केटरर चारशे सांगतो, मुलीचे काका तीनशे नव्वदवर अडून बसतात, चहा होतो, जुनी ओळख निघते आणि शेवटी दहा रुपये सुटतात. हजार पानांवर दहा हजार वाचले म्हणून काकांची कॉलर ताठ. पण ठरल्यापेक्षा २६ माणसं जास्त जेवली की हे दहा हजार परत केटररच्या खिशात. आणि मोठ्या हॉटेलांबाहेरच्या केटरिंगवर जो ५ टक्के जीएसटी लागतो, तो या बिलावर साडेएकोणीस हजार होतो. म्हणजे काकांच्या विजयाच्या जवळजवळ दुप्पट. दरावर एवढी झटापट करणारे आपण माणसं आणि पळ्या मात्र अंदाजपंचे धरतो. खरा पैसा तिथेच फिरतो.

हजार हा आकडा आपल्याला नीट दिसत नाही, म्हणून तो पानातल्या पदार्थांतून पाहू. पानाच्या डावीकडे, वरच्या कोपऱ्यात मीठ आणि त्याच्याशेजारी लिंबाची फोड. एका लिंबाच्या आठ फोडी केल्या तरी १२५ लिंबं. तूप चमचाभर, म्हणजे ५ ग्रॅम. हजारांना ५ किलो. वाढप्याचा हात सैल असेल आणि तोच चमचा आठ ग्रॅमचा पडला, तर ८ किलो. तीन किलो साजूक तूप निव्वळ मनगटाच्या वळणात गेलं. म्हणून जुने आचारी तुपाचं भांडं कोणाच्याही हाती देत नाहीत. तांदूळ माणशी ८० ग्रॅम धरला (साधा भात आणि मसालेभात मिळून) तर ८० किलो, शिजल्यावर सुमारे दोन क्विंटल. किलोत अंदाजे पन्नास हजार दाणे असतात असं धरलं, तर एका दुपारी चाळीस लाख दाणे शिजतात.

पुऱ्यांचा हिशेब तर वेळेचा आहे. माणशी चार म्हणजे चार हजार पुऱ्या. २५ ग्रॅमची लाटी धरली तर एक क्विंटल कणीक मळायची. एका मोठ्या कढईतून मिनिटाला दहा पुऱ्या निघाल्या तर सगळ्या तळायला सहा तास चाळीस मिनिटं लागतील. मुहूर्त साडेबाराचा, आणि पाहुण्यांना पुरी टम्म फुगलेली हवी. आधी तळून ठेवली तर ती चिवट होते. म्हणजे दोन तासांत काम उरकायला किमान चार कढया, चार तळणारे आणि त्यांच्यामागे लाटणाऱ्या बायकांची रांग. या सगळ्यांची मजुरी ‘पुरी’ या एका शब्दात बसलेली असते. मेनूकार्डावर पुरी आणि पापड शेजारीशेजारी छापलेले असतात, त्यामुळे हे कोणाच्या लक्षात येत नाही.

पण थक्क करणारा पदार्थ हवा असेल तर तो बासुंदी. जिलेबीऐवजी बासुंदी म्हटलं की केटरर दर वाढवतो आणि यजमानाला वाटतं, दूध आणि साखरेचे एवढे पैसे? वाटी १५० मिलिलिटरची धरू. हजार वाट्या म्हणजे १५० लिटर बासुंदी. दूध निम्म्यावर आटवायचं तर ३०० लिटर घ्यावं लागेल; लिटरला ६० रुपये धरले तर अठरा हजारांचं. इथवर सगळे जण येतात. आटवण्याकडे मात्र कोणी पाहत नाही. ३०० लिटर दूध उकळीला आणायला सुमारे ९० मेगाजूल उष्णता लागते, आणि त्यातलं १५० लिटर पाणी वाफ करून उडवायला आणखी ३४०. एकूण ४३०. हलवायाच्या भट्टीची निम्मी उष्णता पातेल्याला न लागता मांडवात जाते असं धरलं, तर गॅस जाळायचा ८६० मेगाजूलचा. एलपीजीच्या एका किलोत सुमारे ४६ मेगाजूल असतात. भागाकार करा: जवळपास १९ किलो. कमर्शियल सिलिंडरमध्ये बरोबर १९ किलोच गॅस असतो. म्हणजे एका लग्नाच्या बासुंदीसाठी एक अख्खा सिलिंडर फक्त दूध आटवण्यात जातो. शिवाय दूध खाली लागू नये म्हणून कोणीतरी तासन्तास उलथनं फिरवत उभं राहतं, ते वेगळंच.

आग्रहालाही किंमत आहे. ४० ग्रॅमची एक जिलेबी, ‘एवढी घ्याच’ म्हणून प्रत्येकाच्या पानात जास्तीची पडली की ४० किलो. किलोला अडीचशे धरले तर पुन्हा तेच दहा हजार, जे काकांनी सोडवून आणले होते. बुफेने आग्रह संपवला असं म्हणतात. त्याच्या बदल्यात माणसं स्वतःलाच आग्रह करायला लागली.

अक्षतांचाही हिशेब पाहा. चिमटीत ग्रॅमभर तांदूळ बसतो असं धरलं आणि सात मंगलाष्टकांना हजार जणांनी एकेक चिमूट टाकली, तर सात किलो तांदूळ वधूवरांच्या डोक्यावर पडतो. वरच्या मापाने त्यात ८७ माणसांचा भात झाला असता. मी अक्षतांच्या विरोधात नाही. पण ज्या यजमानाला माणशी दहा रुपये बोचतात, त्याने जमिनीवरही एकदा नजर टाकावी.

बुफेत पैशापेक्षा सेकंद महाग. गरम पुरीच्या टेबलापाशी प्रत्येकजण वीस सेकंद थांबला तर हजार जणांचे वीस हजार सेकंद होतात, म्हणजे साडेपाच तास. टेबलं चार केली तरी रांग एक तास तेवीस मिनिटं चालणार. पाणीपुरीच्या स्टॉलवर वीस सेकंदांत कोणाचं भागत नाही, तिथे दोन मिनिटं सहज जातात. म्हणून तो स्टॉल ठेवला की तिथे नेहमी गर्दी, आणि अर्ध्या पाहुण्यांना पाणीपुरी फक्त दिसते. पंगतीत हा घोळ नसतो. दोनशेची बसण्याची सोय असली तर पाच पंगती, पंगतीला चाळीस मिनिटं, तीन तास वीस मिनिटांत हजार पानं उठतात. वेळ कमी लागत नाही, पण निदान माणूस बसून जेवतो.

आणि मेनू? केटररच्या कार्डावर आठपैकी दोन गोड, बारापैकी दोन भाज्या, पाचपैकी एक भात, सहापैकी एक तळण, सहापैकी दोन कोशिंबिरी आणि चारपैकी एक पेय निवडायचं असेल, तर ३३ लाख २६ हजार ४०० वेगवेगळी जेवणं होतात. रोज एक लग्न जेवलात तरी सगळी संपवायला नऊ हजारांहून जास्त वर्षं. घरातले सगळे दोन रात्री या कार्डावर वाद घालतात आणि शेवटी मसालेभात, बटाट्याची भाजी, जिलेबी आणि मठ्ठा ठरतो.

उरला सगळ्यात अवघड आकडा: माणसं किती येतील? हजारांना बोलावलं, प्रत्येकजण येण्याची शक्यता ६० टक्के, आणि प्रत्येकाने आपापलं ठरवलं, तर गणित सांगतं की ६०० येतील आणि शंभरांतल्या पंचाण्णव वेळा चूक तीसेक माणसांच्या आत राहील. पण आपल्याकडे कोणी आपापलं ठरवत नाही. चारजणांचं कुटुंब आलं तर चौघंही येतात, नाहीतर कोणीच येत नाही. त्यामुळे तीच चूक दुप्पट होते, साठेक माणसांची. त्यात मोठा मुहूर्त असेल, एकाच दिवशी तीन लग्नं असतील किंवा अवकाळी पाऊस आला, तर सगळी कुटुंबं एकदमच एका बाजूला झुकतात आणि गणित हात टेकतं.

गंमत अशी की मोठं लग्न हे त्यातल्या त्यात सोपं. सहाशेत साठ म्हणजे दहा टक्के. ते वरणात पाणी, मठ्ठ्यात बर्फ आणि चार किलो जास्तीच्या भातावर निभावतं. घरचं बारसं घ्या. चाळीसजणांना बोलावलं, चोवीस अपेक्षित. तेही सुटे येतात असं मानलं तरी अठरा येतील किंवा तीस. म्हणजे एकदम पंचवीस टक्क्यांचा फरक. छोट्या कार्यक्रमाला केटरर किमान पन्नास पानांची अट घालतो तेव्हा तो लबाडी करतोय असं वाटतं. तो फक्त ही पंचवीस टक्क्यांची जोखीम तुमच्याकडे सरकवतो.

या न्यायाने सगळ्यात बिनघोर स्वयंपाकघर शिर्डीचं असायला हवं. साईबाबा संस्थानच्या प्रसादालयात एका वेळी सुमारे साडेपाच हजार माणसं बसतात आणि २००९ पासून तिथे ७३ सौर तबकड्यांवर तयार होणारी वाफ स्वयंपाकाला वापरली जाते. तिथे पत्रिका नाही, ‘नक्की या हं’ नाही. दिवसाला चाळीस हजार माणसं धरली तर आपल्या मापाने ३२ क्विंटल तांदूळ आणि लिंबाची फोड द्यायची ठरवली तर पाच हजार लिंबं. तुलनेला विक्रमी खिचडी घ्या: २०१७ साली दिल्लीत संजीव कपूर यांच्या पुढाकाराने ९१८ किलो खिचडी शिजली आणि गिनीज बुकात गेली. माणशी पाव किलो वाढली तर ती ३,६७२ जणांना पुरते. शिर्डीची एक पंगतही तिने उठली नसती. २०२० मध्ये हिमाचलात तत्तापानीला १,९९५ किलोंनी तो विक्रम मोडला. त्यात पंगत दीड झाली असती.

लग्नाच्या मांडवात मात्र विक्रमापेक्षा मोजणी महत्त्वाची. रात्री हिशेबाला बसल्यावर केटररची ताटं १,०८७ भरतात आणि यजमानाची माणसं १,०४०. फरक ४७, म्हणजे जीएसटी धरून एकोणीस हजारांच्या वर. वाढपी, बँडवाले, ड्रायव्हर, भांडी घासणाऱ्या बायका आणि फोटोग्राफरची मुलं यांची पानं कोणाच्या खात्यात, हे बयाणा देतानाच कागदावर लिहून घ्यावं. काका त्या वेळी दरात गुंतलेले असतात.