न पाहिलेल्या मावशीची छायाचित्रे

चित्रकार अमृता शेरगिल यांचे ५ डिसेंबर १९४१ रोजी लाहोर येथे निधन झाले. त्या वेळी त्या अवघ्या २८ वर्षांच्या होत्या. त्यांची धाकटी बहीण इंदिरा यांचे पुत्र, चित्रकार विवान सुंदरम यांचा जन्म १९४३ मधला. मावशी-भाच्याची भेट कधी झालीच नाही. सुंदरम यांनी २००१-०२ मध्ये संगणकाच्या साह्याने घडवलेली 'रीटेक ऑफ अमृता' ही कृष्णधवल मालिका पाहताना एवढे ध्यानात ठेवले, तर पुष्कळ काही आपोआप उलगडत जाते.

मालिकेची सामग्री घरचीच आहे. अमृता यांचे वडील उमरावसिंग शेरगिल (१८७०-१९५४) हे संस्कृत आणि फारसीचे व्यासंगी, पण कॅमेऱ्याचा नाद जबर. हंगेरियन पत्नी, दोन्ही मुली आणि मुख्य म्हणजे स्वतः, यांची छायाचित्रे ते वर्षानुवर्षे टिपत राहिले. बुडापेस्ट, सिमला, पॅरिस अशी घरे बदलली, छंद सुटला नाही. ही छायाचित्रे सहज टिपलेली नव्हेत. वेश, बैठक, प्रकाश, आरसा, सारे योजलेले असे. उघड्या अंगाने योग्यासारखे उभे राहूनही त्यांनी स्वतःला टिपले आहे.

नातवाने ही छायाचित्रे आणि मावशीची चित्रे एकमेकांत विणली. त्यामुळे निरनिराळ्या वयांतली, निरनिराळ्या शहरांतली माणसे एकाच खोलीत येतात. एका चौकटीत दोघी बहिणी आणि अमृता यांचे 'टू गर्ल्स' हे १९३९ चे चित्र शेजारी येते आणि घरातले नाते व कॅनव्हासवरचे नाते परस्परांकडे पाहू लागते. प्रत्येक तुकडा अस्सल, मात्र तो प्रसंग कधीच घडलेला नाही. आरसा येथे केवळ सामान नाही. समोर कोण उभे आहे आणि काचेत कोण दिसते, हे ताडून पाहावे.

काही चौकटींत पिता आणि तरुण कन्या यांची जवळीक प्रेक्षकाला अस्वस्थ करते. दिवंगतांना विचारता येत नाही. मग वारसाला एवढी मोकळीक कोणी दिली? हा आक्षेप झटकून टाकण्याजोगा नाही. तथापि आजोबांची मूळ छायाचित्रेही रचलेलीच होती, आणि त्यांतल्या देखण्या घरात सारे आलबेल नव्हते. अमृता यांच्या आईने १९४८ मध्ये आत्महत्या केली. अल्बमने जे झाकले, ते नातवाने कल्पनेने उघडले, असे या मालिकेच्या बाजूने म्हणता येते. पिता-कन्येच्या चौकटींना मात्र एवढे समर्थन पुरत नाही.

सुंदरम यांनी १९८३-८४ मध्ये याच कुटुंबाचे तैलचित्र काढले होते. २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले. मालिका जेथे मांडलेली असेल, तेथे शक्य झाल्यास उमरावसिंगांची मूळ छायाचित्रे आधी पाहावीत. सांधे कोठे जुळवले आहेत, हे मग सावल्यांच्या दिशेवरूनही कळू लागते.