‘सुटणे’ आणि ‘सोडणे’ : धूम्रपानत्यागानंतरच्या तलफेचा विचार

मराठीत तुटणे–तोडणे, फुटणे–फोडणे, सुटणे–सोडणे अशा क्रियापदांच्या जोड्या आहेत. जोडीतील पहिले क्रियापद अकर्मक, दुसरे सकर्मक. पहिल्यात एखादी गोष्ट घडते, दुसऱ्यात ती कोणीतरी घडवितो. ‘त्याने विडी सोडली’ या वाक्यात कर्ता तृतीयेत, आपले कर्तृत्व घेऊन उभा आहे. ‘त्याची विडी सुटली’ या वाक्यात तो षष्ठीत गेला आहे आणि विडी आपणहून निघून गेल्यासारखी दिसते. व्यवहारात ही दोन वाक्ये एकमेकांच्या जागी सर्रास वापरली जातात. परंतु विडी टाकून सहा महिने झालेला माणूस एखाद्या संध्याकाळी अस्वस्थ होऊन ‘सोडली खरी, पण सुटली नाही’ असे म्हणतो, तेव्हा या दोहोंतील अंतर त्याला नेमके कळलेले असते. हे अंतर का राहते आणि ते राहिले असता निश्चय कसा टिकवावा, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. व्याकरणाने कोणाची विडी सुटत नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे; मात्र आपल्या अवस्थेचे वर्णन माणूस कोणत्या शब्दांत करतो, यावर त्याचा धीर पुष्कळसा अवलंबून असतो.

प्रथम शरीराची बाजू पाहू. विडीच्या वा सिगारेटच्या झुरक्याबरोबर निकोटीन फुप्फुसांतून रक्तात आणि रक्तातून मेंदूत काही सेकंदांतच पोहोचते. रक्तातील त्याचे प्रमाण सुमारे दोन तासांत निम्म्यावर येते. नेहमी ओढणारा माणूस तास-दोन तासांनी का चुळबुळू लागतो, याचे कारण हेच. सोडल्यानंतर चिडचिड, झोपमोड, वाढलेली भूक, चित्त न लागणे ही लक्षणे पहिल्या आठवड्यात सर्वाधिक तीव्र असतात आणि साधारणतः दोन ते चार आठवड्यांत ओसरतात. निकोटीनच्या सवयीने मेंदूत वाढलेली ग्राहकस्थानेही पुढील काही आठवड्यांत पूर्वपदावर येतात. म्हणजे शरीराचा हिशेब दोन-तीन महिन्यांत बहुतांशी चुकता होतो. त्यानंतर जी तलफ येते ती निकोटीनच्या उणिवेची नसते. ती आठवणीची असते.

येथे मराठीचा एक विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे. आपण ‘मी तलफतो’ असे म्हणत नाही. ‘मला तलफ येते’ असे म्हणतो. भूक, झोप, राग, आठवण यांचीही तीच रचना. अनुभव घेणारा चतुर्थीत असतो, कर्तेपण अनुभवाकडे असते. उलट ‘ओढणे’ या क्रियेचा कर्ता माणूस स्वतः असतो. तलफ येते; विडी मात्र ओढावी लागते. भाषेने ज्या दोन गोष्टी इतक्या स्वच्छ वेगळ्या ठेवल्या आहेत, त्या सोडणाऱ्याच्या मनात एक होऊन जातात आणि तलफ आली हीच त्याला आपली हार वाटू लागते. वस्तुतः आलेली तलफ लाटेसारखी चढते आणि काही मिनिटांत उतरते. तिची मागणी पुरविली नाही तरी उतरते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लाट यांनी तलफेशी झुंज न देता, तिचे चढणे-उतरणे केवळ पाहत राहण्याची जी रीत सुचविली, ती या ‘मला येते’ या रचनेशी सुसंगत आहे.

आठवणीची तलफ कशाने जागी होते? चहाचा पहिला घोट, जेवणानंतरची घटका, एस. टी.ची वाट पाहणे, रात्री प्रबंधाचे पान अडून बसणे, यांपैकी कशानेही. पावलोव्हने कुत्र्यांवरील प्रयोगांत दाखविले की, घंटेमागून अन्न येईनासे झाले म्हणजे लाळ सुटणे हळूहळू बंद होते. परंतु काही काळ मध्ये गेल्यावर घंटा वाजली तर ते पुन्हा एकदा डोके वर काढते. जुना संबंध पुसला जात नाही, त्यावर नवा शिकला जातो. शिवाय हा नवा पाठ ज्या जागी शिकला त्या जागेशी बांधलेला राहतो. सांगलीच्या वसतिगृहात राहून ज्याने विडी सोडली, त्याला दिवाळीत तासगाव किंवा पलूसकडील आपल्या गावी पारावर बसताच एकाएकी जोराची तलफ यावी, यात नवल नाही. सांगलीतील चहाचे दुकान त्याने विडीविना शंभर वेळा अनुभवले असते, पार अद्याप एकदाही नाही. पाराचा पाठ त्याला पारावरच घ्यावा लागतो, आणि त्यासाठी पहिल्या दिवशी तेथे काय करावयाचे, कोणाशेजारी बसावयाचे, केव्हा उठावयाचे हे आधी ठरवून जाणे उपयोगी पडते.

पारावर जे आठवते ते केवळ तंबाखू नव्हे. ‘विडीकाडी’ हा सामासिक शब्द पाहावा. ‘चहापाणी’, ‘पानसुपारी’ यांच्याप्रमाणेच तो दोन वस्तूंचा नसून एका प्रसंगाचा वाचक आहे. कराडच्या स्थानकावर अनोळखी माणसाकडे ‘काडी आहे का?’ अशी विचारणा होते, शेताच्या बांधावर चंची सोडून शेजाऱ्यापुढे धरली जाते, तेव्हा देवघेव तंबाखूची होते तशीच ओळखीचीही होते. ज्या बोलण्याचा हेतू माहिती देणे नसून संबंध जोडणे हा असतो, त्याला मालिनोव्स्कीने १९२३ मध्ये स्वतंत्र संज्ञा दिली. आपली ‘काडी’ त्याचे उत्तम उदाहरण ठरेल. तंबाखूचा इतिहासही हेच सांगतो. इ. स. १६०४ च्या सुमारास अकबराचा वकील असदबेग याने विजापूरच्या दरबारातून, म्हणजे आपल्या या प्रदेशाच्या शेजारातून, तंबाखू आग्र्यास नेला. अकबराने स्वतः एकदोन झुरक्यांपलीकडे त्याचा नाद धरला नाही. परंतु काही सरदारांना तो मिळाला असे कळताच बाकीच्यांनीही मागणी केली. मागणी झाली ती परस्परांच्या देखत, आणि व्यसनाच्या आधी. सोडणारा माणूस तंबाखूबरोबर ही मागण्या-देण्याची सोयही गमावतो. ती दुसऱ्या कशाने तरी भरून काढावी लागते. भाजलेल्या शेंगा, बडीशेप, आवळा अशी कोणतीही वस्तू चालेल, मात्र ती खिशात दुसऱ्याला देण्यापुरती असावी. सुपारीचा उपाय करू नये. तिच्या कर्कजनकतेविषयी आता शंका उरलेली नाही.

कोणी पुढे केलेली विडी नाकारताना वापरावयाच्या शब्दांचा प्रश्नही लहान नाही. ‘पुन्हा कधी ओढणार नाही’ हे भविष्यकाळी वचन आहे; ते आज पुरे होत नाही, उद्याही होत नाही, मरेपर्यंत बाकीच राहते. ‘मला चालत नाही’ यात कोणा बाहेरच्याची मनाई ऐकू येते, आणि समोरचा ‘एकीने काय होतंय?’ म्हणून ती लगेच शिथिल करू पाहतो. ‘मी ओढत नाही’ हे रीतिवर्तमानकाळी वाक्य मात्र उच्चारतानाच खरे असते. व्हेनेसा पॅट्रिक व हेन्रिक हॅग्टव्हेट यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, मोहाचा पदार्थ नाकारताना ‘खाऊ शकत नाही’ म्हणणाऱ्यांपेक्षा ‘खात नाही’ म्हणणारे अधिक टिकून राहिले. ते प्रयोग इंग्रजी बोलणाऱ्यांवरील आणि खाण्याविषयीचे होते, तेव्हा त्यांवर फार भार टाकू नये. परंतु आपल्याकडे याचा जुना नमुना आहे. ज्ञानेश्वरांची पालखी लोणंद, तरडगाव, फलटण या मार्गाने सातारा जिल्ह्यातून जाते. या भागातील वारकऱ्यास कोणी सामिष ताटावर बसण्याचा आग्रह केला तर तो ‘माळ आहे’ एवढेच म्हणतो. वाद नाही, कारण नाही. तो कोण आहे हे त्याने सांगितलेले असते. (माळकऱ्यांतही तंबाखू मळणारे आढळतात, ही गोष्ट वेगळी.) लग्नाच्या बोलणीत ‘मुलाला सुपारीच्या खांडाचेही व्यसन नाही’ असे जे सांगतात, तेही याच जातीचे वाक्य होय.

‘व्यसनमुक्ती’ हा शब्द मला या दृष्टीने किंचित अडचणीचा वाटतो. मुक्ती एकदाच होते आणि मुक्ताला परतणे नसते. मग सहाव्या महिन्यात तलफ आली की आपण मुक्त झालोच नव्हतो असा निष्कर्ष निघतो. तोच प्रकार चुकून ओढलेल्या एका विडीचा. ‘एक ओढली’ आणि ‘पुन्हा ओढू लागलो’ यांतील भेद कोणाही मराठी भाषकाला शिकवावा लागत नाही. पण एक ओढल्यावर ‘आता गेलेच सगळे’ म्हणून दुसरी पेटविली जाते. मार्लाट व गॉर्डन यांनी १९८५ च्या आपल्या ग्रंथात या मनःस्थितीचे सविस्तर विवेचन केले आहे. त्यांच्या मते घातक असते ती चुकीपेक्षा चुकीनंतरची ही निराशा.

ब्रिटिश डॉक्टरांच्या पन्नास वर्षांच्या पाहणीचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार चाळिशीत सिगारेट सोडणाऱ्याचे आयुष्य, ओढत राहणाऱ्याच्या तुलनेने, सुमारे ९ वर्षांनी वाढते. सोडण्याचा निर्णय घेण्यास हा आकडा पुरेसा आहे. तलफेच्या पाच मिनिटांत तो फारसा कामी येत नाही. तेथे जवळचे काहीतरी लागते : पाणी पिणे, जागा बदलणे, चार पावले चालून येणे, सोडल्याचा दिवस ज्याला ठाऊक आहे अशा मित्राशी बोलणे.

एक फसवणूक या जिल्ह्यांत विशेष संभवते. २०१६–१७ च्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूम्रपान करणारे ३.८ टक्के, तर धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के आढळले. घरात तव्यावर भाजलेल्या तंबाखूची मिश्री असते, खिशात चुन्याची डबी असते. अशा ठिकाणी ‘विडी सोडली’ याचा अर्थ पुष्कळदा ‘तंबाखू धरली’ एवढाच होतो. निकोटीन तेच राहते, आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका पदरी पडतो. ज्यास आरंभीचे आठवडे सोसत नाहीत त्याने वैद्यकीय सल्ल्याने निकोटीनचे च्युइंगगम वा अन्य औषध घ्यावे. हे गम सतत चघळावयाचे नसून थोडे चावून गालात धरून ठेवावयाचे असते. बार भरणाऱ्यास ही क्रिया निराळी शिकवावी लागणार नाही. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या पुढाकाराने ‘परिवर्तन’ ही व्यसनमुक्तीचे काम करणारी संस्था उभी राहिली. तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय दूरध्वनिसेवा २०१६ मध्ये सुरू झाली. तिला शुल्क पडत नाही.