चिमटीचे बळ आणि त्याचे माप

आपल्या भाषेत चिमूट हे फार लहान माप आहे. मीठ चिमूटभर, हळद चिमूटभर, अंगारा चिमूटभर. जे चिमटीत मावते ते हलकेच असणार, अशी आपली समजूत. परंतु आज आम्ही ज्या चिमटीविषयी बोलणार आहोत, तिच्यात वीस, तीस, क्वचित चाळीस किलो लोखंड तोललेले असते.

समजा, आपल्या उस्मानपुऱ्यातील एखाद्या व्यायामशाळेत दोन तरुणांची पैज लागली. एकाने २० किलोच्या दोन प्लेटा एकमेकींना लावून, गुळगुळीत बाजू बाहेर ठेवून, एका हाताच्या बोटांत व अंगठ्यात दाबून उचलल्या. दुसऱ्याने त्याच रीतीने ५ किलोच्या पाच प्लेटा उचलल्या. एकाचे ४० किलो झाले, दुसऱ्याचे २५. पाहणारे म्हणतील, निकाल लागला. हा निकाल घाईचा आहे, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे.

वजन धरण्याच्या तीन रीती आपल्याकडे पूर्वापार आहेत. मारुतीच्या देवळापुढची दगडी गोटी उचलताना तिला कवेत घ्यावे लागते. नालेला मूठ असते. तिच्याभोवती बोटे वळतात आणि वजन बोटांच्या आकड्यात अडकून राहते. तिसरी रीत चिमटीची. येथे बोटे कशाभोवतीही वळत नाहीत. एका बाजूने चार बोटे, दुसऱ्या बाजूने एकटा अंगठा, मध्ये वस्तू. ती खाली पडत नाही याचे कारण केवळ घर्षण. दोराच्या मल्लखांबावर खेळाडू पायाचा अंगठा व शेजारचे बोट यांत दोर धरतो, तीही चिमटीच. मुठीत नाल सहज पेलणारा गडी चिमटीत निम्म्या वजनालाही अडतो, तो यामुळेच. चार बोटांना चौघांचा आधार असतो. अंगठ्याला आपला भार एकट्यानेच सोसावा लागतो. म्हणून चिमटीची मर्यादा बहुधा अंगठ्यावर ठरते.

आता पैजेकडे वळू. ४० किलोंपैकी २० किलोंचा भार अंगठ्याच्या बाजूला येतो व २० किलोंचा बोटांच्या. त्वचा आणि लोखंड यांतील घर्षण दाबाच्या निम्मे आहे असे धरले, तर प्रत्येक बाजूने ४० किलोंचा दाब द्यावा लागेल. पाच प्लेटांत प्रत्येक बाजूला साडेबारा किलो येतात. त्यासाठी २५ किलोंचा दाब पुरावा. येथपर्यंत पहिला तरुण पुष्कळ पुढे आहे.

पण पाच प्लेटांत एक गोष्ट वेगळी आहे. श्रोत्यांनी घरी जाऊन फळीवरची पाच पुस्तके दोन्ही तळव्यांत दाबून एकदम उचलून पाहावीत. कडेची दोन हातात राहतात. घसरतात ती मधली. मधल्यांना हात लागलेलाच नसतो. त्यांना फक्त शेजारच्या पुस्तकाचे घर्षण सावरते. प्लेटांचे तसेच आहे. मधल्या तीन प्लेटांचे १५ किलो दोन सांध्यांवर, म्हणजे प्रत्येकी साडेसात किलो, लोंबत असतात. रंगवलेल्या लोखंडाचे लोखंडाशी घर्षण त्वचेहून कमी. ते दाबाच्या पाचवा हिस्सा मानले, तर साडेसात किलो सावरण्यास साडेसदतीस किलोंचा दाब हवा! म्हणजे २५ किलोंची उचल ४० किलोंच्या उचलीच्या अगदी शेजारी येऊन बसली. दोनच प्लेटा असतील तर ही अडचण मुळीच येत नाही, कारण प्रत्येक प्लेटेला हाताचा स्पर्श असतो. घर्षणाचे हे आकडे आम्ही उदाहरणासाठी घेतले आहेत; प्लेट बदलली की ते बदलतील. पण हिशेबाची रीत तीच राहील.

दुसरी गोष्ट जाडीची. वस्तू फार पातळ असेल तर बोटे आखडतात. फार जाड असेल तर अंगठा इतका फाकतो की त्याचे बळ दाबात उतरत नाही. मधली सोयीची जाडी पुष्कळांना दोन इंचांच्या आसपास सापडते. पण हे हातावर अवलंबून आहे. लांब बोटांच्या माणसाला जे सोपे, ते आखूड बोटांच्या माणसाला अशक्यप्राय. युरोपीय पद्धतीच्या स्पर्धांत दोन्ही हातांच्या चिमटीसाठी जाडी बदलता येणारे साधन वापरतात व स्पर्धक आपल्या हाताला बेताची जाडी निवडतो, हे न्यायाचेच आहे.

या संदर्भात अमेरिकेतील एक उदाहरण बोलके आहे. तेथे ४५ पौंडांच्या दोन प्लेटा, म्हणजे सुमारे ४१ किलो, एका हाताच्या चिमटीत उचलणे ही नावाजलेली कसोटी आहे. तितकाच मान ‘ब्लॉब’ नावाच्या गोळ्याला आहे. यॉर्क कंपनीच्या १०० पौंडी जुन्या ओतीव डंबेलचा तो एक गोळा, वजन सुमारे ५० पौंड. रिचर्ड सोरिन यांच्या उचलीमुळे तो प्रसिद्धीस आला. वजन जवळजवळ निम्मे, तरी मान सारखा, कारण गोळा रुंद व गोलाईचा आहे. बोटांना धरायला सरळ कड सापडत नाही.

तिसरी गोष्ट पृष्ठभागाची. मल्लखांबाला एरंडेल लावणारे आपले उस्ताद घर्षणाचे मोल चांगले जाणत होते. खरबरीत ओतीव प्लेट आणि चकचकीत रंगाची प्लेट, दोन्ही २० किलोंच्या असल्या तरी हाताला एक नव्हेत. मे महिन्यात आपल्या गावी तळहाताला घाम सुटतो, तेव्हा तीच प्लेट सकाळी उचलते आणि दुपारी निसटते. घाम टिपून खडूची भुकटी लावली की बळ वाढत नाही, पकड मात्र सुधारते.

तेव्हा दोन उचलींची तुलना करावयाची तर किलोंच्या शेजारी तीन नोंदी हव्यात: जाडी किती, पृष्ठभाग कसा, आणि हाताला न लागलेल्या प्लेटा किती. हे लिहिलेले नसेल तर एका व्यायामशाळेचा विक्रम दुसरीत नेऊन तोलू नये. नवशिक्याने एकच ठोकळा, एकच जाडी धरून हळूहळू वजन वाढवावे. अंगठ्याचा सांधा दुखू लागला की थांबावे, आणि पाय वजनाखाली कधी ठेवू नये.

हा प्रश्न केवळ पैजेचा नाही. आखूड बोटांच्या मुलाला किंवा मुलीला रुंद वजन उचलले नाही म्हणून “तुझ्यात दम नाही” असे सांगितले जाते, आणि ते मूल व्यायामशाळा सोडते. उलट, घराच्या बांधकामावर जाऊन पाहा. दोन फूट लांब, दोन फूट रुंद व एक इंच जाड अशी शहाबादी फरशी सुमारे २४ किलो भरते. ती कडेला धरून उचलणारा मजूर दिवसभर चिमटीचेच काम करीत असतो. त्याच्या उचलीची नोंद कोणत्याही फळ्यावर नसते. मापाची रीत नीट असेल तर या दोघांचेही बळ दिसेल. नुसत्या किलोंत मोजले तर दोघेही आपल्या हिशेबातून सुटतील.