गिटार ऐकायचीय? मग आधी बास शोधा!

यूट्यूबवर ‘जॅझ गिटार’ असं टाइप केलं की काय येतं? पाऊस पडणारी खिडकी, कॉफीचा मग आणि तीन तास न थांबणारं एक गुळमुळीत संगीत. वर पाट्या: ‘रिलॅक्सिंग’, ‘स्टडी’, ‘स्लीप’. सबमिशनच्या रात्री मी ते लावून पाहिलंय. जर्नल पूर्ण व्हायच्या आधी झोप पूर्ण होते! मग आपण ठरवून टाकतो की जॅझ म्हणजे लिफ्टमध्ये आणि हॉटेलच्या लॉबीत वाजणारं काहीतरी. विषय संपला.

दुसरा रस्ता जाणकारांचा. ते सांगतात, “सुरुवातीपासून ऐक, १९३०च्या दशकापासून.” आपण आज्ञाधारकपणे ऐकतो. खरखर, खरखर आणि मधेच लांबून कुठूनतरी एक गिटार. पाच मिनिटांत इअरफोन काढून ठेवतो.

एका दारात झोप, दुसऱ्या दारात खरखर. या दोन दारांमुळे माझ्या बॅचमधले निम्मे गिटारवाले या संगीताला कायमचे मुकलेत, आणि ते मला बघवत नाही. कारण मधे तिसरं दार आहे. तिथे वाजवणारे एकमेकांना डिवचतायत, लोक टाळ्या वाजवतायत, आणि रेकॉर्डिंग इतकं स्वच्छ की तार कुठे दाबली तेही कळावं. ते दार सापडण्यासाठी अल्बमच्या मागच्या बाजूला छापलेल्या तीन गोष्टी बघायच्या: साल, साथीदार आणि खोली. (आम्ही कॉन्व्हेंटवाले! ‘एकोणसाठ’ म्हणजे ५९ की ६९ हे ठरवायला मला अजून दोन सेकंद लागतात, म्हणून सगळी सालं आकड्यांतच देते.)

साल

जुन्या ७८ आरपीएमच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावायची. त्यात गाण्याची मूळ चाल आली, क्लॅरिनेट आलं, पियानो आला. गिटारवाल्याच्या वाट्याला उरणार किती? काही सेकंद! १९४८ साली कोलंबिया कंपनीने एलपी आणली आणि एका बाजूला वीस मिनिटांच्या वर संगीत बसू लागलं. साधारण त्याच काळात स्टुडिओंमध्ये मॅग्नेटिक टेप आली. १९५८ पासून स्टिरिओ एलपी दुकानांत मिळू लागल्या. म्हणजे वाजवायला वेळ, नोंदवायला टेप आणि ऐकायला दोन चॅनल असं सगळं एकत्र जमून आलं. म्हणून माझा साधा नियम: सुरुवात १९५७ ते १९६७ या दहा वर्षांतून करायची.

साथीदार

आता शीर्षकाकडे येते. गिटारची सगळ्यात जाड तार साधारण ८२ हर्ट्झची. डबल बास, म्हणजे ते माणसाएवढं उंच उभं वाद्य, त्याची जाड तार ४१ हर्ट्झची. बरोबर एक सप्तक खाली. जॅझमध्ये बासवाला प्रत्येक मात्रेला एक सूर देत ‘चालत’ राहतो, आणि ड्रमर झांजेवर त्याला साथ देतो. हा झाला ठेका. आपल्याकडे तबल्याचं आवर्तन फिरतं ना, तसंच इथे १२ किंवा ३२ बारचं एक चक्र फिरत राहतं. गिटारवाला त्या चक्रावर कधी किंचित मागे रेंगाळतो, कधी पुढे झेपावतो. ही जी ओढाताण, तिलाच म्हणायचं ‘स्विंग’. आपल्याला जो जिवंतपणा गिटारमध्ये वाटतो, तो खरं तर गिटार आणि बास यांच्यामधल्या त्या छोट्याशा अंतरात असतो.

आता मोबाइलचा तो इवलासा स्पीकर ४१ हर्ट्झ कुठून देणार? बास गेला की ओढायला दुसरं टोकच उरत नाही. राहते एकटी गिटार, टुणटुण करत. म्हणून पहिली अट: साधे का होईनात, पण इअरफोन लावा. पहिल्यांदा ऐकताना गिटारकडे चक्क दुर्लक्ष करून बासच्या मागे चला. दोन चक्रं झाली की गिटार आपोआप ‘दिसायला’ लागते.

आणखी एक गोष्ट. पियानो आणि गिटार दोघंही मधल्या सप्तकांत कॉर्ड वाजवतात, त्यामुळे गर्दी होते. कान तयार नसतील तर पियानो नसलेली मंडळी आधी ऐकावीत.

खोली

रेकॉर्डिंग इंजिनीअर हाही इंजिनीअरच की! पण त्याच्या नावाने कुणी अल्बम शोधत नाही. रूडी व्हॅन गेल्डर हा पेशाने डोळे तपासून चष्म्याचे नंबर काढणारा. न्यू जर्सीतल्या हॅकेन्सॅक गावी आईवडिलांच्या घराच्या दिवाणखान्यात तो रेकॉर्डिंग करायचा. १९५९ साली त्याने एंगलवुड क्लिफ्स इथे उंच लाकडी छताचा स्वतःचा स्टुडिओ बांधला. ब्लू नोट कंपनीच्या त्या काळातल्या बहुतेक प्रसिद्ध रेकॉर्ड त्याच्याच हातच्या. तिकडे लॉस एंजेलिसमध्ये रॉय ड्यूनॅन हा कंटेम्पररी कंपनीसाठी काम करायचा, आणि त्यांचा स्टुडिओ म्हणजे कंपनीची माल पाठवायची खोली! तरी आजही ते ध्वनिमुद्रण ऐकताना वाद्यं समोर मांडून ठेवल्यासारखी वाटतात. महागडी जागा नव्हती. माइक कुठे ठेवायचा याची अक्कल होती.

आता प्रत्यक्ष यादी

१) ‘द पोल विनर्स’ (१९५७). बार्नी केसेल गिटार, रे ब्राउन बास, शेली मॅन ड्रम्स. तिघेच. वर सांगितलेल्या ड्यूनॅनचं रेकॉर्डिंग. पियानो नाही, सॅक्सोफोन नाही, त्यामुळे बासच्या मागे चालायची प्रॅक्टिस करायला उत्तम.

२) ग्रँट ग्रीनचा ‘ग्रीन स्ट्रीट’ (१९६१). पुन्हा तिघेच, व्हॅन गेल्डरच्या स्टुडिओत. ग्रीन कॉर्ड फार कमी वाजवतो, एकेक सूर सॅक्सोफोनसारखा फुंकल्यासारखा सोडतो. पुढे ‘आयडल मोमेंट्स’ (ध्वनिमुद्रण १९६३) ऐका, पण ते निवांत आहे, आधी हे.

३) केनी बरेलचा ‘मिडनाइट ब्लू’ (१९६३). गिटार, स्टॅनली टरेंटाइनचा सॅक्सोफोन, बास, ड्रम्स आणि रे बॅरेटोचा काँगा. इथेही पियानो नाही, आणि त्या मोकळ्या जागेत गिटारचा प्रत्येक कॉर्ड हवेत विरेपर्यंत ऐकू येतो. ब्लूज म्हणजे काय हे शिकायला यापेक्षा सोपा धडा मला माहीत नाही.

४) वेस माँटगोमेरी. याच्यासाठी वेगळा लेख लागेल! इंडियानापोलिसचा माणूस, दिवसा कारखान्यात नोकरी आणि रात्री क्लबमध्ये वादन. पिकऐवजी अंगठ्याने वाजवायचा. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून ती सवय लागली असं सांगतात. त्याच्या सोलोच्या बहुतेक तीन पायऱ्या असतात: आधी एकेरी सूर, मग तोच सूर दोन सप्तकांत एकदम, आणि शेवटी भरगच्च कॉर्ड. गॅलरीत उभं राहून कुणी जिना चढताना बघावा तसं वाटतं. ‘द इन्क्रेडिबल जॅझ गिटार’ (१९६०) स्टुडिओतलं आहे. ‘फुल हाउस’ २५ जून १९६२ रोजी कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथल्या ‘त्सुबो’ नावाच्या ठिकाणी लोकांसमोर वाजवलेलं. विंटन केली पियानोवर, पॉल चेंबर्स बासवर, जिमी कॉब ड्रम्सवर. इथे पियानो आहे, पण तोवर तुमचे कान तयार झालेले असतील. झोप येऊन दाखवा!

या वेसच्याच बाबतीत एक धोक्याची सूचना. शेवटच्या काही वर्षांत त्याने मोठ्या वाद्यवृंदाबरोबर लोकप्रिय गाण्यांचे अल्बम केले, उदाहरणार्थ १९६७चा ‘अ डे इन द लाइफ’. ते खपले खूप आणि आजही सर्चमध्ये लवकर समोर येतात. वाईट नाहीत, पण तिथे तो अंतराचा खेळ व्हायोलिनखाली दबतो. नुसतं नाव टाकून शोधलं की गडबड होते ती अशी. म्हणून नावासोबत साल टाका.

जाता जाता दोन टिप्स. जुन्या स्टिरिओमध्ये गिटार फक्त डाव्या आणि ड्रम्स फक्त उजव्या कानात येऊ शकतात. इअरफोन बिघडला समजू नका! त्याच रेकॉर्डची मोनो आवृत्ती मिळाली तर तीही ऐकून बघा. आणि ‘बेस्ट ऑफ’ संग्रहांपासून लांब राहा. तिथे सालंही नसतात, साथीदारांची नावंही नसतात.

आपल्या मातीतलं एक नाव सांगायलाच हवं. अमान्सिओ डिसिल्वा, जन्म १९३६, मुंबई, मूळ गोव्याचं कुटुंब. १९६०च्या दशकात ते इंग्लंडला गेले. १९६९चा ‘इंटिग्रेशन’ आणि त्याच वर्षी जो हॅरियटबरोबरचा ‘हम दोनो’ जरूर ऐका.

मग खरखर असलेलं काही ऐकायचंच नाही का? ऐकायचं, पण शेवटी. चार्ली क्रिश्चन हा १९३९ साली बेनी गुडमनच्या ग्रुपमध्ये आला आणि इलेक्ट्रिक गिटारला सॅक्सोफोनच्या बरोबरीने बसवलं. तारेच्या कंपनाने चुंबकीय फ्लक्स बदलतो, कॉइलमध्ये व्होल्टेज तयार होतं. आपण फॅरेडेचा नियम पाठ करतो, त्याने तो वाजवला! पण तबकड्यांवर त्याचे सोलो छोटे. १९४१ साली कोलंबिया विद्यापीठातला जेरी न्यूमन नावाचा एक विद्यार्थी आपलं तबकडी कापायचं यंत्र घेऊन न्यूयॉर्कच्या ‘मिंटन्स प्लेहाउस’मध्ये जायचा. त्यामुळे क्रिश्चन मोकळेपणाने, लांबलचक वाजवताना नोंदला गेला. पुढच्याच वर्षी, मार्च १९४२ मध्ये, क्रिश्चन क्षयाने गेला. वय २५. माझ्यापेक्षा फक्त पाच वर्षांनी मोठा.

त्या रेकॉर्डिंगमध्ये खरखर आहे, ग्लासांचा किणकिणाट आहे, लोकांच्या गप्पा आहेत. पण वरचे चार अल्बम ऐकून कान तयार झाले असतील, तर त्या गोंधळातूनही बास सापडतो. आणि बास सापडला की क्रिश्चन सापडतो. एका विद्यार्थ्याने ते यंत्र उचलून नेलं नसतं, तर त्याचं ते मनसोक्त वाजवणं आपल्यापर्यंत पोचलंच नसतं.

तर मग, पुढच्या सबमिशनच्या रात्री ती पावसाळी खिडकी बंद करा आणि ‘द पोल विनर्स’ लावा. जर्नल वेळेत होईल याची गॅरंटी नाही, पण झोप नक्की येणार नाही!