कसर न लागणारे धन : ख्रिस्ती विचार आणि खान्देशातले वाचन

धनत्रयोदशीला जळगावच्या सराफ बाजारात पाय ठेवायला जागा नसते. सोने गंजत नाही, कुजत नाही, अडीअडचणीला मोडता येते, म्हणून ते खरे धन, अशी आपली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. अशा गावात बसून बायबलचा नवा करार वाचला की पहिली अडचण शब्दांचीच येते. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशू सांगतो की पृथ्वीवर धन साठवू नका, कारण तिथे कसर आहे, जंग आहे आणि चोर आहेत. साठवायचे तर स्वर्गात साठवा. आता सोन्याला कसर कुठून लागणार? (याकोबाच्या पत्रात तर सोन्याचांदीलाही जंग चढल्याचे म्हटले आहे. आपल्या सराफांना ते पटायचे नाही.)

या अडचणीचे उत्तर त्या काळच्या घरात मिळते. पहिल्या शतकातल्या पॅलेस्टाईनमधल्या कुटुंबाची संपत्ती म्हणजे मुख्यतः तीन गोष्टी : किमती वस्त्रे, साठवलेले धान्य आणि पुरून ठेवलेली नाणी. वस्त्रांना कसर लागते. मराठीत ज्याला 'जंग' म्हटले आहे, त्याजागी मूळ ग्रीकमध्ये 'ब्रोसिस' असा शब्द आहे आणि त्याचा सरळ अर्थ 'खाणे' असा होतो. म्हणून काही अभ्यासक तिथे धान्यातली कीड किंवा उंदीर घेतात. मला हा अर्थ जास्त पटतो. कणगीत हात घालून सोंडे लागलेले धान्य ज्याने बाहेर काढले आहे, त्याला समजावून सांगण्याची गरज नाही. आणि चोर? तिथले ग्रीक क्रियापद 'खणून आत शिरणे' या अर्थाचे आहे, कारण घरांच्या भिंती मातीच्या होत्या. आपल्याकडच्या धाब्याच्या घरांनाही मातीच्याच जाड भिंती. मराठी भाषांतरातला 'घर फोडून' हा प्रयोग इथे अगदी चपखल बसतो. धुळ्या-जळगावच्या जुन्या घरात वाढलेल्या आजीला हा उतारा एखाद्या विद्वानापेक्षा लवकर कळला असता.

त्याच अध्यायात पुढे म्हटले आहे की कोणालाही दोन धन्यांची चाकरी करता येत नाही. हे दोन धनी म्हणजे देव आणि 'मामोन'. मराठी बायबलमध्ये याला 'धन' म्हटले आहे आणि ते चूक नाही. पण मामोन हा अरामी भाषेतला शब्द असून, बऱ्याच अभ्यासकांच्या मते, त्याचा धातू 'विश्वास ठेवणे, भरवसा असणे' या अर्थाचा आहे. प्रार्थनेच्या शेवटी म्हणतात ते 'आमेन' याच धातूपासून आले. हे मत धरले तर मामोन म्हणजे माणूस ज्याच्या भरवशावर झोपतो ते. माझ्या वाचनाप्रमाणे ख्रिस्ती विचारातल्या या प्रश्नाची किल्ली इथे आहे. तिजोरीत किती आहे, हा प्रश्न नंतरचा. हुकूम कोणाचा चालतो, हा पहिला.

असे धरले म्हणजे नव्या करारातल्या वरवर विसंगत वाटणाऱ्या गोष्टी एकमेकींशी जुळू लागतात. एका श्रीमंत तरुणाला येशू सर्व विकून गरिबांना द्यायला सांगतो. जक्कय नावाचा जकातदार मात्र अर्धीच मालमत्ता देतो आणि फसवून घेतलेल्याची चौपट भरपाई करतो, तरी तेवढ्यावर त्याच्या घरी तारण आले असे येशू म्हणतो. येशूच्या फिरत्या मंडळीचा खर्च चालवणाऱ्या बायका होत्या, असे लूक स्पष्ट नोंदवतो. म्हणजे त्यांच्या हाती पैसा होता. पौलानेही दोष दिला तो द्रव्याच्या लोभाला. 'पैसा हे पापाचे मूळ' असे आपण सर्रास म्हणतो, पण तो शब्द त्याचा नव्हे.

गुप्तधनाचा दाखला तर खान्देशी माणसाने मुद्दाम वाचावा. आपल्याकडे गुप्तधन म्हटले की नाग आला, भगत आला, अमावस्येची रात्र आली, म्हणजे सगळी भीतीच. (कायद्याची भीती वेगळीच : १८७८ च्या कायद्यानुसार दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचे गुप्तधन सापडले तर कलेक्टरला कळवावे लागते.) मत्तयच्या तेराव्या अध्यायातल्या माणसाला शेतात ठेवा सापडतो. तो तो पुन्हा झाकून ठेवतो, घरी जाऊन असेल नसेल ते विकतो आणि ते शेत विकत घेतो. हे सारे तो आनंदाने करतो, हे महत्त्वाचे. त्याने आधी त्याग केला आणि मग त्याला फळ मिळाले, असा इथे क्रम नाही. आधी सापडले, मग बाकीचे आपोआप हलके झाले. ख्रिस्ती लोक ज्याला आत्मिक धन म्हणतात, म्हणजे देवाशी समेट, क्षमा, मरणाचीही भीती न उरणे, ते या गोष्टीतल्या ठेव्यासारखे आहे.

महाराष्ट्रात हे जगून पाहणारी दोन मोठी माणसे झाली आणि दोघांचे मार्ग वेगळे. रेव्हरंड ना. वा. टिळक १८९५ मध्ये मुंबईत ख्रिस्ती झाले, वीसेक वर्षे अमेरिकन मराठी मिशनचे काम केले आणि १९१७ मध्ये ती नोकरी सोडून साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडून बसले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. त्याच तुकोबांनी कर्जखते इंद्रायणीत बुडवली, अशी परंपरा आहे. छप्पनच्या दुष्काळानंतरच्या त्या काळात 'हे पोटासाठी बाटले' हा टोमणा प्रत्येक ख्रिस्ती माणसाला ऐकावा लागे. मिशनचा पगार सोडणे हे त्याला दिलेले सर्वांत सरळ उत्तर होते, असे मला वाटते.

पंडिता रमाबाईंनी उलट बाजूने सुरुवात केली. केडगावच्या मुक्ती सदनात १९०० च्या सुमारास दोन हजारांच्या आसपास स्त्रिया-मुले होती. त्यांच्यासाठी शेती, विहिरी, विणकाम, छापखाना, सगळे उभे राहिले. इतका पैसा हातून गेला, पण बाईंच्या स्वतःसाठी त्यातले काही राहिले नाही. म्हणजे पैसा सोडूनही मामोनची चाकरी सुटते आणि पैसा राबवूनही सुटते.

मात्र सोडण्याची किंमत कोण मोजतो, हे टिळकांच्या चरित्रकारांपेक्षा त्यांच्या पत्नीने जास्त चांगले सांगितले आहे. लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' वाचताना हसू येते आणि थोड्या वेळाने घशात काहीतरी अडकते. नवऱ्याचे औदार्य बायकोच्या डाळ-तांदळाच्या डब्यातून जात होते. स्वर्गातल्या ठेवींवर प्रवचन करणाऱ्या प्रत्येकाने हे पुस्तक आधी वाचावे, असे माझे मत आहे.

आज प्रश्न वेगळ्या रूपात समोर आहे. 'देवाला द्या, देव दामदुप्पट देईल' अशी शिकवण अमेरिकेतून निघून जगभर पसरली. ओरल रॉबर्ट्‌स या धर्मोपदेशकाने विसाव्या शतकाच्या मध्यानंतर दानाला 'बी' म्हणण्याची पद्धत रूढ केली. खेड्यातल्या सभांपर्यंतही ती भाषा पोचली आहे. शेतकऱ्याला बियाण्याची उपमा पटकन पटते. पण बी पेरले की पीक येतेच असे नाही, हे २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने कपाशी पोखरली तेव्हा आपल्या भागाने पाहिले आहे. शिवाय दामदुप्पट हा सावकारी शब्द. दुप्पट मिळावे म्हणून जो देतो, त्याने मामोनला फक्त देवळात आणून बसवले.

अशा सभांतून विधवेच्या दोन दमड्यांची गोष्ट हमखास सांगतात. तिने होते नव्हते ते दानपात्रात टाकले, तुम्हीही टाका. मार्कच्या बाराव्या अध्यायात ही गोष्ट आहे खरी. पण तिच्या लगेच आधीच्या ओळींत येशू लांब झगे घालून मिरवणाऱ्या, लांबलचक प्रार्थना करणाऱ्या आणि विधवांची घरे गिळंकृत करणाऱ्या शास्त्र्यांवर कडाडला आहे. दोन्ही उतारे सलग वाचले तर त्या बाईचे कौतुक कायम राहते. पण तिच्यावर ही पाळी आणणाऱ्यांकडेही बोट जाते.

पौलाने यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा केली, तेव्हा ती एकट्याने नेली नाही. मंडळ्यांनी निवडून दिलेला माणूस सोबत असावा, म्हणजे इतक्या मोठ्या रकमेबद्दल कोणी बोट दाखवू नये, असे त्याने करिंथकरांना लिहून कळवले. ते दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात आहे. हिशेबाची वही मागणाऱ्याला 'तुझा विश्वास कमी' असे ऐकावे लागले, तर त्याने हा अध्याय काढून दाखवावा.